थरांचा क्रम : पाकिटाच्या आत, पाकिटाच्या बाहेर

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत क्लार्क होतो. पिग्मीचे एजंट दिवसभर बाजारपेठेत फिरून दुकानदारांकडून दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करत. प्रत्येक रकमेची चिठ्ठी त्यांच्या हातातल्या छोट्या यंत्रातून निघे. संध्याकाळी रोकड कॅशियरकडे जाई आणि यंत्र माझ्याकडे येई. यंत्रातल्या नोंदी केबलने संगणकात घ्यायच्या, 'पोस्टिंग' चालवायचे आणि ते झाले की यंत्र पुसून दुसऱ्या दिवसासाठी रिकामे ठेवायचे, एवढे माझे काम.

एका संध्याकाळी पोस्टिंग मध्येच थांबले. प्रोग्रॅम व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला होता आणि लिहिणाऱ्याने त्यात एक चांगली खबरदारी घेतली होती. मध्ये काही अडले तर तोवर केलेले सगळे बदल उलटवायचे, म्हणजे निम्म्या लोकांचे पैसे जमा आणि निम्म्यांचे नाहीत अशी अवस्था खतावणीत कधीच राहणार नाही. त्याप्रमाणे बदल उलटले. मात्र कुठे अडले हे ज्या नोंदवहीत लिहिले जाई, ती नोंदवहीही त्याच डेटाबेसात होती. खतावणीबरोबर तीही उलटली. पडद्यावर पुन्हा मेनू आला. शेवटची एसटी गाठायची होती. काम झाले असे समजून मी यंत्र पुसले.

दुसऱ्या दिवशी कॅशियरकडे रोकड होती, खतावणीत त्या एजंटाच्या नावावर एकही जमा नव्हती, आणि काही बिघडले होते याची खूणही कुठे नव्हती. एजंटाने यंत्रात नोंदीच केल्या नाहीत, असा निष्कर्ष निघाला. त्याने नऊ दिवस दुकानादुकानांत फिरून चिठ्ठ्या परत गोळा केल्या. एकूण २१२ भरल्या. त्यातली एक चिठ्ठी आदल्या दिवशी बंद झालेल्या खात्याची होती, आणि घोडे तिथेच अडले होते. यंत्र मी पुसले हे मी संचालकांना सांगितले. तरी महिनाअखेरीस त्या माणसाने काम सोडले.

खतावणी उलटली हे बरोबर होते, नोंदवही उलटली हे चूक होते. एवढे मला तेव्हाही समजले. पण या वाक्याला गणितात नेमके रूप आहे, आणि त्या रूपाभोवती संगणकशास्त्रात एक अख्खी चर्चा झाली आहे, हे कळायला मला पुढची पंधरा वर्षे लागली. त्या रूपाचे नाव मोनॅड ट्रान्सफॉर्मर. नाव भीतीदायक आहे. कल्पना मात्र खतावणी आणि नोंदवही या दोन वह्या समोर ठेवल्या तर दिवाळी अंकाच्या वाचकाला समजण्यासारखी आहे, असा माझा समज आहे. तो खरा की खोटा ते वाचकांनी ठरवावे.

सुरुवात फंक्शनपासून करावी लागेल. आमच्या शाळेच्या मराठी पुस्तकात फंक्शनला 'फल' म्हणत. एक संख्या आत घालावी, एक संख्या बाहेर यावी. तीच संख्या पुन्हा घातली तर तेच फळ पुन्हा यावे. दोनचा वर्ग सोमवारी चार आणि मंगळवारी पाच असे होत नाही, आणि वर्ग काढताना कुठल्या वहीत शाईही सांडत नाही. फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणजे अख्खा प्रोग्रॅम अशा निर्मळ फलांनी बांधण्याचा आग्रह. या आग्रहाचे मूळ अलोंझो चर्च यांच्या १९३० च्या दशकातल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आहे. त्याचे सर्वात हट्टी अपत्य म्हणजे हास्केल ही भाषा. अमेरिकेत पोर्टलंड इथल्या परिषदेत १९८७ मध्ये तिच्यासाठी समिती नेमायचे ठरले आणि तिचा पहिला अहवाल १ एप्रिल १९९० रोजी निघाला. तारीख मुद्दाम निवडली की नाही कोण जाणे. नाव हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे; आपल्या रश्श्याशी त्या आडनावाचा संबंध नाही.

हास्केल आणखी एका बाबतीत हट्टी आहे: ती आळशी आहे. एखाद्या उत्तराची गरज पडेपर्यंत ती ते काढतच नाही. त्यामुळे कोणते पान आधी वाचले जाईल आणि कोणते नंतर, हे प्रोग्रॅमच्या मजकुरावरून सरळ दिसत नाही. इतर भाषांमध्ये 'आता हे छाप, मग ते पूस' असे मध्येच म्हणता येते. इथे तसे म्हटले तर 'आता' म्हणजे केव्हा हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून निर्मळपणा सोडून चालेना, आणि पाळावा तर पोस्टिंगसारखे साधे कामही करता येईना. कारण पोस्टिंग अडू शकते, खतावणी बदलते आणि नोंद लिहिते. दोनचा वर्ग यातले काहीच करत नाही.

सुटकेचा मार्ग असा की जे घडते ते उत्तराचाच भाग करायचे.

फल अडू शकते ना? मग त्याने उघडे उत्तर देऊ नये, पाकिटातून द्यावे. काम झाले तर पाकिटात उत्तर, अडले तर पाकीट रिकामे. हास्केलमध्ये या पाकिटाला 'मेबी' म्हणतात. मी 'कदाचित' म्हणतो. फलाला नोंद लिहायची आहे? मग त्याने उत्तराबरोबर नोंदींची यादी जोडून द्यावी. खतावणी बदलायची आहे? मग जुनी खतावणी आत घ्यावी आणि उत्तराबरोबर नवी खतावणी बाहेर द्यावी. जुनीवर खाडाखोड नाहीच. तिन्ही बाबतींत फल निर्मळ राहिले. तीच खतावणी दिली की तेच उत्तर.

पण याची किंमत आहे. पोस्टिंगमध्ये २१२ पायऱ्या असतील तर प्रत्येक पायरीनंतर पाकीट उघडा, रिकामे आहे का पाहा, नसेल तर आतली खतावणी काढा, पुढच्या पायरीला द्या, नोंदी मागच्या नोंदींना चिकटवा, ही हमाली लिहीत बसावी लागते. मूळ काम दोन ओळींचे आणि हमाली वीस ओळींची. ही हमाली एकदाच लिहून झाकून ठेवायची सोय म्हणजे मोनॅड. तिच्यात दोन गोष्टी लागतात. साध्या उत्तरावर वेष्टन कसे चढवायचे ही एक, आणि वेष्टनात वेष्टन आले तर दोन्ही मिळून एक कसे करायचे ही दुसरी. पाकिटात पाकीट असेल तर दोन्ही भरलेली असल्यास एक भरलेले, नाहीतर एक रिकामे. नोंदीत नोंदी असतील तर एकीखाली एक. याशिवाय काही नियम पाळावे लागतात. नुसते वेष्टन चढवल्याने काही बदलू नये. तीन पायऱ्यांपैकी आधी पहिल्या दोन जोडल्या काय आणि शेवटच्या दोन जोडल्या काय, निकाल एकच यावा. हा दुसरा नियम लक्षात ठेवावा, पुढे तो एकाला नडणार आहे.

'मोनॅड' शब्दाने लाइब्नित्स आठवतो. १७१४ मधल्या त्याच्या तत्त्वज्ञानातले मोनॅड खिडक्या नसलेले होते. त्यांच्यात बाहेरून काही शिरत नसे आणि आतून काही निघत नसे. गणितातले मोनॅड वेगळे. कॅटेगरी थिअरीच्या मंडळींनी १९५० आणि १९६० च्या दशकांत त्यांना निरनिराळी नावे दिली, आणि सॉन्डर्स मॅक लेन यांच्या १९७१ च्या पुस्तकाने आजचे नाव पक्के केले. तरी गंमत अशी की हास्केलमध्ये बाहेरच्या जगाशी बोलणारा जो 'आयओ' नावाचा मोनॅड आहे, त्यातून उत्तर बाहेर काढायला भाषेने खरोखरच अधिकृत खिडकी ठेवलेली नाही.

या गणिती वस्तूचा प्रोग्रॅमशी संबंध लावला तो एउजेनिओ मोज्जी या इटालियन संशोधकाने, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, एडिंबरात. प्रोग्रॅम लिहिणे सोपे करावे हा त्याचा हेतूच नव्हता. दोन प्रोग्रॅम समान आहेत असे सिद्ध करायचे तर 'प्रोग्रॅमचा अर्थ' नेमका कसा मांडावा, हा त्याचा प्रश्न होता. अडणे, आठवणे, अनेक उत्तरे देणे, मध्येच उडी मारणे ही सगळी एकाच साच्याची रूपे आहेत, हे त्याने दाखवले. तो लेख वाचून ग्लासगोच्या फिलिप वॅडलर यांनी ती कल्पना प्रोग्रॅमरच्या हातात दिली. त्यांच्या १९९२ च्या निबंधात एक छोटा इंटरप्रिटर आहे, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम. त्यात चुकीचे संदेश हवेत, किती पायऱ्या झाल्या ते मोजायचे आहे, काही छापायचे आहे, अशा एकेक मागण्या ते घेतात. प्रत्येक वेळी मुख्य मजकूर जवळजवळ तसाच राहतो, बदलतो तो फक्त मोनॅड. वाचताना जादूचा प्रयोग पाहिल्यासारखे वाटते.

पण एका वेळी एक. पतसंस्थेला तिन्ही एकदम हवे होते.

दोन मोनॅड जोडून तिसरा का होऊ नये? इथे थोडे बसून पाहू. एका वेष्टनाला 'क' म्हणू, दुसऱ्याला 'ख'. प्रत्येक पायरीचे उत्तर 'क'च्या आत 'ख', म्हणजे 'क ख' अशा दुहेरी वेष्टनात येते. दोन पायऱ्या एकापुढे एक ठेवल्या की हाती येते 'क ख क ख'. आपल्याला हवे आहे पुन्हा साधे 'क ख'. शेजारी शेजारी असलेले दोन 'क' मिळून एक करता येतात, दोन 'ख'ही करता येतात, कारण दोघे स्वतंत्रपणे मोनॅड आहेत. पण ते शेजारी नाहीत! मधला 'ख क' आड येतो. तो उलटवून 'क ख' करता आला तर 'क क ख ख' होईल आणि काम फत्ते. हा उलटा करण्याचा अधिकार मोनॅड असण्याने आपोआप मिळत नाही, तो वेगळा कमवावा लागतो. जॉन बेक यांनी १९६९ मध्येच याच्या अटी लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांना 'वितरणाचे नियम' म्हटले होते. शाळेत कंसाबाहेरची संख्या आत वाटून देतो त्याचेच हे भावंड.

'कदाचित' या बाबतीत भला आहे. तो आत असेल आणि त्याच्या पोटात कोणतेही वेष्टन आले, तरी उलटवता येते. पाकीट रिकामे असेल तर बाहेरच्या वेष्टनात रिकामे पाकीट ठेवायचे; भरलेले असेल तर आतले वेष्टन बाहेर काढून पाकीट त्याच्या आत सरकवायचे. 'अनेक उत्तरे' देणारा यादीचा मोनॅड मात्र फसवा निघाला. हास्केलच्या जुन्या लायब्ररीत यादीचा एक ट्रान्सफॉर्मर बरीच वर्षे होता. वरून तो ठीक दिसे, पण खालच्या मोनॅडमध्ये कामाचा क्रम महत्त्वाचा असला की तो मघाचा नियम मोडायचा. आधी कोणत्या पायऱ्या जोडल्या त्याप्रमाणे निकाल बदलायचा. मार्क जोन्स आणि लुक डुपोनशील यांनी ही अट १९९३ मध्येच लिहिली होती. तरी तो ट्रान्सफॉर्मर लायब्ररीत राहिला आणि फार उशिरा काढला गेला. तज्ज्ञांच्या घरातही पाटी आणि माल वेगळा असू शकतो, हे पाहून मला पतसंस्थेच्या बाबतीत थोडा धीर आला.

म्हणून दोन तयार मोनॅड जोडण्याचा नाद सोडून प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला गेला. 'अडणे' हा तयार मोनॅड न देता, कोणत्याही मोनॅडला 'अडणे' शिकवणारी कृती द्यावी. मोनॅड आत घातला की अधिक काही जाणणारा मोनॅड बाहेर यावा. हा मोनॅड ट्रान्सफॉर्मर. कल्पना मोज्जी यांच्या एडिंबरातल्या टिपणांतच होती. १९९४ मध्ये गाय स्टील यांनी मोनॅड जोडून इंटरप्रिटर बांधण्याचा एक प्रयत्न मांडला. आणि जानेवारी १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत शेंग लियांग, पॉल हुडाक आणि मार्क जोन्स यांनी तिला आजचे रूप दिले.

मराठी वाचकाला ही कृती अनोळखी वाटू नये. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा शब्द घ्या. 'घर'चे सामान्यरूप 'घरा', त्याला 'समोर', त्याला 'चा', त्याचे पुन्हा सामान्यरूप होऊन 'च्यां', त्याला 'ना', त्यावर 'सुद्धा'. 'समोर' लागल्यावर शब्द बंद होईल असे वाटते. पण 'चा' त्याला पुन्हा नामासारखा करतो, आणि नामासारखा झाला की तो पुन्हा विभक्ती घ्यायला मोकळा. ट्रान्सफॉर्मरची सारी करामत याच अटीत आहे: मोनॅड घेऊन मोनॅडच परत द्यायचा, म्हणजे त्यावर पुढचा थर चढू शकतो. आणि कोणता प्रत्यय कुठे बसला याने अर्थ बदलतो, हेही आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. 'मीच गेलो नाही' आणि 'मी गेलोच नाही' या दोन वाक्यांत 'च' एकच आहे, पण तो ज्यावर बसला ते वेगळे. उपमा इथेच सोडतो. व्याकरणात चुकीच्या जागी बसलेला प्रत्यय कानाला खटकतो. ट्रान्सफॉर्मरचे दोन्ही क्रम संगणकाला सारखेच गोड लागतात.

आता दोन क्रम पाहू. नोंदवही आणि 'कदाचित' हे दोनच थर घेऊ.

पहिल्या रचनेत 'कदाचित' खाली आहे आणि त्यावर नोंदवहीचा थर चढवला आहे. निकालाचा आकार असा: एक पाकीट, आणि पाकिटाच्या आत उत्तर व नोंदी. काम अडले की पाकीट रिकामे. रिकाम्या पाकिटात उत्तर नाही, तशा नोंदीही नाहीत.

दुसऱ्या रचनेत नोंदवही खाली आहे आणि त्यावर 'कदाचित'चा थर. निकालाचा आकार: नोंदी, आणि त्यांच्या शेजारी एक पाकीट ज्यात फक्त उत्तर. काम अडले की पाकीट रिकामे, पण नोंदी पाकिटाच्या बाहेर होत्या, त्या राहिल्या.

नवख्याचा इथे गोंधळ होतो, माझाही झाला. जो थर वर चढवला त्याची चीज निकालात आत जाते, आणि जो खाली आहे तो बाहेरचे वेष्टन होतो. मला हे वाड्याच्या चित्राने उमगले. जोते खचले तर माडी जाते. माडी पडली तर जोते राहते. 'कदाचित' जोत्याला असेल तर त्याच्या खचण्याने वरचे सगळे जाईल. तो माडीवर असेल तर त्याच्या पडण्याने खालच्याला धक्का लागत नाही.

खतावणीचेही हेच, पण तिचा थर बांधायची तऱ्हा जरा वेगळी आहे. खतावणी आत घ्यायची आणि नवी बाहेर द्यायची, असे दोन्ही बाजूंचे काम असल्याने खालचा मोनॅड तिच्या मधोमध बसतो: जुनी खतावणी घ्या, मग खालचे वेष्टन, आणि त्याच्या आत उत्तर व नवी खतावणी. निव्वळ 'क ख' अशी जोडणी ही नव्हे. म्हणूनच दोन मोनॅड जोडण्याऐवजी 'कृती' द्यावी लागली. तर खतावणी 'कदाचित'च्या वर असेल, तर अडल्यावर नवी खतावणी पाकिटासह जाते, म्हणजे सगळे बदल उलटतात. ती 'कदाचित'च्या खाली असेल, तर अडेपर्यंतचे बदल टिकतात. १४६ लोकांचे पैसे जमा आणि पुढच्यांचे नाहीत.

आता पतसंस्थेला काय हवे होते ते एका ओळीत सांगता येते. सर्वात वर खतावणी, मध्ये 'कदाचित', सर्वात खाली नोंदवही. अडले तर माडी जाईल, जोते राहील. फॉक्सप्रोच्या त्या प्रोग्रॅमात खतावणी आणि नोंदवही दोन्ही माडीवर होत्या. लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. क्रम निवडला पाहिजे हेच त्याच्या भाषेने त्याला विचारले नव्हते. 'सगळे उलटव' एवढीच आज्ञा होती आणि 'सगळे' म्हणजे काय हे टेबल कुठे ठेवले त्यावरून ठरत होते. मोठ्या डेटाबेसांना हा प्रश्न माहीत आहे. ओरॅकलमध्ये 'ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन' नावाची सोय आहे. मुख्य व्यवहार उलटला तरी तिच्यातून लिहिलेले राहते, आणि चुकांची नोंद ठेवणे हा तिचा नेहमीचा उपयोग. तीच गोष्ट, फक्त तिथे ती एक खास सवलत म्हणून येते. ट्रान्सफॉर्मरमध्ये ती रचनेतच लिहिलेली असते आणि प्रोग्रॅमच्या टाइपमध्ये डोळ्यांना दिसते.

१९९५ च्या त्या लेखाचा मोठा भाग मात्र क्रमावर नाही, एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रश्नावर आहे. थर चढवले, पण तळाशी असलेल्या नोंदवहीत वरच्या मजल्यावरून लिहायचे कसे? मधल्या प्रत्येक थरातून ती आज्ञा वर उचलून आणावी लागते. नोंद लिहिणे, खतावणी वाचणे अशा सरळ आज्ञा सहज उचलता येतात. पण काही आज्ञांना अख्खे कामच हाती द्यावे लागते, उदाहरणार्थ 'हे काम करून पाहा, अडले तर ते दुसरे कर'. ती वर उचलताना मधल्या थराचे काय करायचे, याचे एकच उत्तर नसते. शिवाय प्रत्येक थराला बाकीच्या प्रत्येक थराची भाषा शिकवावी लागते. पाच थर असतील तर पाच गुणिले चार, वीस जोड्या. आजची हास्केलची प्रचलित लायब्ररी हे वीसच्या वीस लिहून ठेवते, आणि सहावा थर आणणाऱ्याला आणखी दहा लिहायला लावते. ट्रान्सफॉर्मरवरची सर्वात रास्त तक्रार हीच.

एक थर असा आहे ज्याचा ट्रान्सफॉर्मर नाही: मघाशी उल्लेख केलेला 'आयओ', म्हणजे बाहेरचे जग. तो नेहमी सर्वात खाली बसतो, त्याला दुसऱ्या कशावर चढवता येत नाही. छापलेला कागद उलटवता येत नाही, पाठवलेले पैसे 'पाठवलेच नव्हते' असे करता येत नाही. जगाला जोत्याचीच जागा. पण त्यातून एक नवी अडचण निघाली. जगात अपघात होतात. डिस्क भरते, तार तुटते. असा अपघात जोत्यात झाला की माडीवरची खतावणी जाते, आणि ती जाते हे टाइप वाचताना लक्षातच येत नाही. म्हणून कामधंद्यासाठी हास्केल लिहिणारे बरेच लोक आता खतावणीचा थर वर ठेवतच नाहीत. जगातच एक कायमची जागा राखतात आणि वर फक्त तिचा पत्ता नेतात. सिद्धांताच्या दृष्टीने ही थोडी माघार आहे. मला ती व्यवहारी वाटते, पण आवडत नाही: टाइप वाचून 'अडल्यावर काय उरेल' हे सांगता येणे हीच तर कमाई होती, आणि ती या तडजोडीत हातची जाते.

दुसरी वाट गॉर्डन प्लॉटकिन आणि जॉन पॉवर यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवली. प्रोग्रॅमने 'नोंद लिही', 'मी अडलो' अशा नुसत्या विनंत्या कराव्यात; त्यांचा अर्थ कोणी बाहेरून लावावा. २००९ मध्ये प्लॉटकिन आणि मातिया प्रेतनार यांनी असा अर्थ लावणाऱ्या 'हँडलर'ची मांडणी केली. एफ, कोका या भाषा त्यावर उभ्या आहेत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमलच्या पाचव्या आवृत्तीतही हँडलर आहेत. वीस जोड्यांची कटकट इथे संपते. क्रमाचा प्रश्न संपतो, असे काही उत्साही मंडळी म्हणतात. ते मला पटत नाही. 'अडलो' ऐकणारा हँडलर आत आणि नोंदी गोळा करणारा बाहेर, की उलट, हे कोणाला तरी ठरवावेच लागते, आणि निकाल तेच दोन येतात. फरक इतकाच की तो निर्णय आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून तो चालवणाऱ्याकडे गेला आहे. माझ्यासारख्या क्लार्कच्या हातात तो द्यावा की नाही, यावर मी अजून दोन्ही बाजूंनी विचार करतो.

त्या चिठ्ठ्यांची यादी मी तेव्हा एका शंभरपानी वहीत उतरवून घेतली होती. खाते क्रमांक, रक्कम, चिठ्ठीवर छापलेली वेळ. हास्केल शिकल्यानंतर मी त्या संध्याकाळचे पोस्टिंग चाळीसेक ओळींत लिहिले आणि वहीतल्या २१२ नोंदी वेळेच्या क्रमाने त्याला दिल्या. आधी नोंदवही 'कदाचित'च्या वर ठेवून चालवले. पडद्यावर एकच शब्द आला: 'नथिंग'. मग दोन थरांची अदलाबदल केली. प्रोग्रॅमच्या मुख्य मजकुरात एक अक्षरही बदलावे लागले नाही, फक्त वरच्या टाइपच्या ओळीत आणि तो चालवणाऱ्या ओळीत दोन नावे उलटी केली. पुन्हा चालवले. खतावणी जशीच्या तशी, एक पैसाही हललेला नाही. आणि खाली १४६ ओळी 'जमा', आणि १४७ वी ओळ, खाते क्रमांकासह, 'खाते बंद'.